गणपतीच्या कार्यक्रमासाठी ॲम्प, ३०० डॉलर, गुरुवारपर्यंत सांगायचंय

प्रेषक: मंदार
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

पेनसिल्व्हेनियात नाझरेथच्या जवळ एकाकडे रोलंड जॅझ कोरस १२० आहे, गिटारचा ॲम्प्लिफायर. ३०० मागतोय. नवा हजाराच्या वर जातो, आणि वापरलेला या किमतीला मी गेल्या तीन वर्षांत पाहिलेला नाही. मी रोज बघतो, म्हणून सांगतो. फोटो जोडलेत. चारही चाकं आहेत, कव्हर आहे, डाव्या कोपऱ्यात वरचं आवरण फाटलंय. बाकी स्वच्छ.

दर वेळी भाड्याने आणतो, दोन वर्षांच्या भाड्यात हा निघेल. मुलांच्या बँडला आता तीन गिटार आहेत. गेल्या वर्षी गिटार कशी पत्र्यासारखी वाजली ते सगळ्यांनी ऐकलंय.

गुरुवारपर्यंत थांबतो म्हणाला. रोख हवेत. एकच गोष्ट: मागच्या लेबलवर १०० व्ही, म्हणजे १०० व्होल्ट, लिहिलंय. तो जपानमध्ये नोकरीला होता, येताना तिकडूनच घेऊन आला. आपल्याकडे अमेरिकेत १२० असतात, म्हणजे फार फरक नाही ना? सुहासकाका, बघाल का?

मंदार


प्रेषक: वैशाली
मंगळवार, सकाळी ७:१५

मंदार, २५०च्या वरचा खर्च समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही. जानेवारीच्या सभेत ठरलंय. ५० डॉलरसाठी अडवते असं वाटेल, पण स्पीकर स्टँडच्या वेळी मी गप्प बसले आणि मग वर्षभर मलाच उत्तरं द्यावी लागली. पावती मिळणार आहे का? हाताने लिहिलेली चालेल, पण मॉडेल आणि सिरीयल नंबर हवा.

वैशाली


प्रेषक: सुहास
मंगळवार, सकाळी ८:४०

चि. मंदार,

फरक आहे. १०० व्होल्टच्या यंत्राला १२० दिले की वीस टक्के जास्त झाले. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.२ गुणिले १.२, साधारण १.४४ पट. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे जे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारे भाग) आहेत त्यांनाही वीस टक्के जास्त व्होल्टेज मिळणार. पहिल्या दिवशी काही होणार नाही, दहाव्या दिवशीही कदाचित होणार नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. आपल्या घरातला पुरवठाही नेमका १२० नसतो. माझ्याकडे काल रात्री १२३ होते.

लेबलवर ५०/६० हर्ट्झ (विजेची वारंवारिता) लिहिलेलं फोटोत दिसतं, ते बरं आहे. जपानात टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. ते दोन भाग अजून एक झालेले नाहीत. तेव्हा आपल्याला वारंवारितेची चिंता नाही, फक्त व्होल्टेजची.

१२० चे १०० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर ॲम्प उत्तम चालेल. लेबलवर जेवढे वॉट आहेत त्याच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, दुप्पट मिळाला तर आणखी चांगलं. मी विद्युत मंडळात अकरा वर्षं काढली आहेत, ट्रान्सफॉर्मर कधी काठावर चालवायचा नसतो.

सुहास


प्रेषक: शुभांगी
मंगळवार, सकाळी ११:०५

अहो मग आमच्याकडचा चालेल की! मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर बेसमेंटमध्ये पडून आहे. ९४ साली आम्ही आलो तेव्हा सासूबाईंनी पुण्याहून मिक्सर बरोबर दिला होता, त्यासाठी घेतलेला. एवढा जड की तो ओट्याखालच्या कपाटात कायमचा ठेवला होता आणि चटणी करायची तर मिक्सरच तिथे न्यायचा. इथल्या ब्लेंडरमध्ये शेंगदाण्याची चटणी होत नाही, तेल सुटत नाही. पंधरा वर्षं चालला. कोणी घेऊन गेलं तर जागा होईल.

शुभांगी


प्रेषक: अनघा
मंगळवार, दुपारी १२:२०

शुभांगीताई, आता ११० वरचे भारतीय मिक्सर इथे सगळीकडे मिळतात, न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर बघा. पण जुन्या भांड्याची पाती वेगळीच होती हे खरं आहे. माझ्या आईचं चटणीचं भांडं मी अजून टाकलेलं नाही.

अनघा


प्रेषक: सुहास
मंगळवार, दुपारी १:३०

शुभांगीवहिनी, तुमचा चालणार नाही. तो १२० चे २३०-२४० करणारा आहे. उलटा जोडला तर १२० चे साठच्या आसपास मिळतील. १०० कुठूनच मिळत नाहीत. जपानहून भाताचे कुकर आणणारे लोक इथे जो वापरतात तो लागेल, ऑनलाइन मिळतो. दोन ट्रान्सफॉर्मर एकापुढे एक जोडून आकडा जुळवायचा प्रयत्न कोणी करू नये, हे लिहून ठेवतो.

सुहास


प्रेषक: प्रकाश
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मंडळाचं सगळं ध्वनीचं सामान गेली नऊ वर्षं माझ्या गॅरेजमध्ये आहे. मखर, चौरंग, चार ढोल, मिक्सर (आपला, चटणीचा नव्हे), सहा माइक, सत्तर-ऐंशी केबली. प्रत्येक केबलला माझ्या हातची चिठ्ठी आहे. तेव्हा काही नवीन यायचं असेल तर आधी मला विचारावं एवढीच विनंती आहे. हा ॲम्प ६२ पौंडांचा आहे, मी वाचलं. तो उचलणार कोण? गेल्या वर्षी रात्री साडेअकराला मी आणि सुहासकाका दोघंच उरलो होतो.

दुसरं, गिटारचा ॲम्प घेऊन फक्त गिटार वाजणार. आपल्या कार्यक्रमात गिटार वीस मिनिटं असते. पेटी, तबला, निवेदन, नाटुकलं हे दोन तास. त्या ३०० मध्ये चांगले दोन कंडेन्सर माइक येतील आणि पेटीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

प्रकाश


प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री ११:३०

प्रकाशराव, विचारलं नाही ही माझी चूक. फोन करायला हवा होता. सामान तुमच्यामुळे टिकलंय हे मी मुलांनाही सांगतो.

पण माइकचं आणि याचं वेगळं आहे. गिटार थेट आपल्या मिक्सरमध्ये घातली की पत्र्यासारखी वाजते, हे गेल्या तीनही वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. गिटारच्या ॲम्पचा बारा इंची स्पीकर वरचे सूर, साधारण पाच हजार हर्ट्झच्या पुढचे, गाळून टाकतो. गिटारला तेच लागतं, आणि पेटीला नेमकं तेच नको असतं. पेटी यातून वाजवली तर गोधडीखालून आल्यासारखी वाटेल, मी त्यासाठी मागतच नाही. तुमचे कंडेन्सर माइक दिवाळीला घेऊ, मी हात वर करीन.

आणि हाच ॲम्प का, तेही सांगतो. १९७५ पासून रोलंड हा बनवतंय आणि त्याची रचना फारशी बदललेली नाही. यात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या, नाहीत, म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी नळ्या बदलायचा खर्च नाही आणि मुलांनी चालू-बंद करताना चूक केली तरी नुकसान नाही. आत ६०-६० वॉटचे दोन वेगळे ॲम्प्लिफायर आहेत, प्रत्येकाला स्वतःचा स्पीकर. कोरस लावला की एका स्पीकरमधून सरळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून किंचित मागेपुढे हलणारा, आणि दोघांची मिसळण खोलीतल्या हवेत होते. ते प्रत्यक्ष ऐकलं की अंगावर काटा येतो. आपल्या भावगीतांना आणि जुन्या ऑर्केस्ट्राच्या गाण्यांना जी स्वच्छ, लांबणारी गिटार लागते ती हीच. मी शाळेत असताना आमच्या गल्लीच्या गणपतीत जो ऑर्केस्ट्रा यायचा त्यांच्याकडे आहुजाचा ॲम्प्लिफायर होता, त्याच्यातच सगळं, गाणं पण आणि गिटार पण. तेव्हापासून मला स्वच्छ गिटारचं वेड आहे.

उचलायला मी, आणि तिन्ही मुलांचे वडील. नावं शुक्रवारपर्यंत देतो.

मंदार


प्रेषक: प्रकाश
बुधवार, सकाळी ६:५०

हवेतच मिसळण होत असेल तर मी एक माइक कुठल्या स्पीकरसमोर लावू? एका समोर लावला तर अर्धाच परिणाम प्रेक्षकांपर्यंत जाणार. माझ्याकडे मिक्सरवर तेवढे चॅनल नाहीत. बारापैकी अकरा भरलेले आहेत.

प्रकाश


प्रेषक: मिलिंद
बुधवार, सकाळी ९:१०

मी सहसा लिहीत नाही, पण दोन पिनांचा प्लग फोटोत दिसला म्हणून लिहितोय. बाकी सगळं बाजूला ठेवा, हे आधी बघा.

म्हापशाला मी कॉलेजात असताना लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचो. गिटारच्या तारा ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थिंग नसेल आणि गाण्याचा माइक दुसऱ्या लाइनवर असेल, तर गिटारवाला तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावतो तेव्हा विजेची वाट त्याच्या शरीरातून जाते. मला ओठाला असा बसला होता की दोन दिवस चहा पिता आला नाही. पावसाळा होता, मांडवात जमीन ओली होती. मी नशीबवान. १९७२ साली वेल्समध्ये, स्वान्सीला, लेस्ली हार्वे नावाचा गिटारिस्ट स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

आपली मुलं बारा-तेरा वर्षांची आहेत आणि त्यातली एक गाते आणि वाजवते. स्वस्त आहे म्हणून घ्या, पण अर्थिंग तपासल्याशिवाय तिच्या हातात गिटार देऊ नका. कळकळीने सांगतो.

मिलिंद


प्रेषक: सुहास
बुधवार, सकाळी ९:४५

मिलिंदचं शंभर टक्के बरोबर. मी व्होल्टेजमध्ये अडकलो आणि हे सांगायचं राहिलं.

तीन गोष्टी. ट्रान्सफॉर्मर घेताना त्याच्या बाहेर येणाऱ्या बाजूलाही तिसरी पिन आहे ना आणि ती आतून खरोखर जोडलेली आहे ना, हे मीटरने बघायचं. बऱ्याच खोक्यांना भोक असतं, मागे तार नसते. दुसरं, ॲम्पची दोरी बदलून तीन तारांची करायची, हिरवी तार पत्र्याला पक्की. हे काम माहीतगार तंत्रज्ञाकडूनच, कारण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. तिसरं, स्टेजवर ॲम्प आणि आपला मिक्सर एकाच सर्किटवरून, म्हणजे दोघांची अर्थ एक.

तंत्रज्ञ उघडणारच असेल तर त्याला आतल्या ट्रान्सफॉर्मरचे टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी काढलेल्या जोडण्या) बघायला सांगा. काही यंत्रांत एकच ट्रान्सफॉर्मर सगळ्या देशांसाठी असतो आणि फक्त तारा हलवाव्या लागतात. तसं निघालं तर बाहेरचा खोका लागणारच नाही. मुंबईत असतो तर लॅमिंग्टन रोडवर दोन दिवसांत नवा गुंडाळून आणला असता.

उद्या बघायला जाणार असाल तर मी येतो. माझ्याकडे व्हेरिअ‍ॅक आहे, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर; त्यावर नेमके १०० लावून तिथेच चालवून बघू. थेट भिंतीत खुपसू देऊ नका.

सुहास


प्रेषक: वैशाली
बुधवार, दुपारी २:००

समितीच्या सातपैकी पाच जणांनी मला होकार कळवलाय, मिलिंदच्या मेलनंतर दोघांनी अट घातली की अर्थिंगचं काम झाल्याशिवाय ॲम्प मुलांपर्यंत जाणार नाही. म्हणजे खर्च ३०० नाही. ट्रान्सफॉर्मर आणि तंत्रज्ञ धरून मी ४५० मंजूर करतेय. शाळेच्या ऑडिटोरियमला विम्याचं प्रमाणपत्र आपण देतो, दुरुस्तीचं बिलही त्याच फाइलला लावून ठेवीन.

वैशाली


प्रेषक: शुभांगी
बुधवार, दुपारी ४:१५

नाझरेथला चाललात तर मार्टिन गिटारचा कारखाना तिथेच आहे, आम्ही पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. लाकूड तापवून वाकवतात ते बघण्यासारखं आहे. आणि ७८ नंबरच्या हायवेवरून गेलात तर पूल ओलांडताना टोल जातानाच लागतो, येताना नाही.

शुभांगी


प्रेषक: मंदार
गुरुवार, रात्री ९:२०

घेतला. २६० ला दिला.

सुहासकाकांनी व्हेरिअ‍ॅक ५० पासून हळूहळू १०० वर नेला, मी हात लावायलासुद्धा धजत नव्हतो. दोन्ही चॅनल तपासले. दोन्ही स्पीकरना वेगवेगळे कान लावून ऐकले. कोरस आहे, स्प्रिंग रिव्हर्ब (आवाज घुमवणारी स्प्रिंग) आहे. दुसऱ्या चॅनलच्या ट्रेबलचा नॉब खरखरतो, साफ करून जाईल. थोडी हिस, म्हणजे बारीक सूं-सूं आवाज, आहे, या मॉडेलला असतेच. दोन पिनांचा प्लग बघून आणि काकांचे प्रश्न ऐकून त्या गृहस्थांनी स्वतःच ४० कमी केले. पावती सिरीयल नंबरसकट वैशालीताईंना पाठवलीय.

प्रकाशराव, तुमच्या चॅनलच्या प्रश्नावर: मागे दोन लाइन आउट आहेत, म्हणजे माइक न लावता थेट मिक्सरला जोडता येतं. दोन्ही घेतले तर परिणाम पूर्ण, एकच चॅनल उरला असेल तर ॲम्प स्टेजवर राहू दे, पहिल्या आठ-दहा रांगांना हवेतूनच मिळेल आणि मागच्यांसाठी एक पुरे. रंगीत तालमीला तुम्ही मागे उभे राहून ठरवा, तुम्ही सांगाल तसं.

तंत्रज्ञाकडे सोमवारी देतोय. तोवर शनिवारी सकाळी नऊला तुमच्याकडे आणू का? आम्ही चौघं आहोत.

मंदार


प्रेषक: प्रकाश
गुरुवार, रात्री १०:०५

आणा. बारावा चॅनल मुलांच्या गिटारला ठेवलाय, आणि निवेदनाचे दोन माइक एकावर आणले तर दुसरा लाइन आउटही बसेल. ढोलांच्या शेजारी जागा केलीय, जमिनीवर नाही, फळीवर, कारण मार्चमध्ये पाणी येतं. प्लगवर मी लाल पट्टी लावणार आहे, "१०० व्होल्ट, भिंतीत लावू नये", मराठीत आणि इंग्रजीत. दुरुस्ती होऊन येईपर्यंत ती कोणी काढायची नाही.

प्रकाश