शब्दचर्चा: दोन द्रव मिसळल्यावर जे घटते-वाढते, त्याला काय म्हणावे?

धागाकर्ती

पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मराठी माध्यमातून बीएस्सीला आलेल्या मुलांसाठी प्रयोगांची टिपणे मराठीत लिहिते आहे आणि एका शीर्षकाशी अडले आहे. ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी एकत्र केले की १०० मिली भरत नाही, सुमारे ९६ मिली भरते. वजन मात्र तेवढेच राहते. पुढचा भाग दोन सेंद्रिय द्रवांच्या मिश्रणाचा आहे. मी 'मिश्रणातील आकुंचन' असे लिहिले होते, तर एका सहकाऱ्यांनी 'आयतनातील घट' सुचवले. मला दोन्ही पटत नाहीत. मुळात आकारमान म्हणावे, घनफळ की आयतन?

पर्वती पायथ्याहून

आयतन नको, ताई. तो अर्थ हिंदीत रूढ आहे. आपल्याकडे आयतन म्हणजे स्थान, देवालय. पर्वतीवर देवदेवेश्वराच्या भोवती चार कोपऱ्यांत चार लहान देवळे आहेत, ते पंचायतन. मराठी मुलाच्या कानावर हा शब्द आधी तिथूनच येतो.

उरलेल्या दोघांत वाटणी सरळ आहे. शंकू, गोल, वृत्तचिती यांचे घनफळ काढायचे, ते गणिताच्या पुस्तकात. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता, हे विज्ञानाच्या पुस्तकात. भांड्यात किती मावेल ती धारकता. तुमचा द्रव नळीत आहे, तेव्हा आकारमान.

भोसरीहून

मी तीस वर्षे सॉल्व्हंटच्या, म्हणजे द्रावकांच्या, टाक्यांवर काम केले. आमच्याकडे एकच शब्द होता, 'भरत नाही'. स्पिरिटमध्ये पाणी घालून ताकद उतरवायची असली की दोन्हीची आधी डिप घ्यायची, म्हणजे पट्टी बुडवून पातळी मोजायची, मग मिसळलेल्या टाकीची. बेरजेपेक्षा कमीच भरायचे. नवीन मुलगा व्हॉल्व्हपाशी गळती शोधत बसायचा. त्याला सांगायचो, बाबा, माल तोलून बघ, वजन कुठे गेलेले नाही. 'आकुंचन' असे कोणी म्हणाले नाही, आणि 'आटले' तर मुळीच नाही. आटणे म्हणजे वाफ होऊन जाणे, दूध आटते तसे. इथे काहीच उडून गेलेले नसते.

एरंडवण्याहून

वरच्या काकांचा 'भरणे' मला फार आवडला, कारण तो मोजणाऱ्याचा शब्द आहे. पण ताई, तुमचे अडलेले ठिकाण मला वेगळे दिसते. 'आकुंचन' लिहिले की उत्तर आधीच ठरले. विद्यार्थ्याने नळीकडे पाहण्याआधीच त्याला सांगून टाकले की घटणार आहे. सगळे द्रव घटत नाहीत.

वर्गात नेहमी दिला जाणारा दाखला शेंगदाणे आणि मोहरीचा. मापटेभर शेंगदाण्यांत मापटेभर मोहरी ओता, दोन मापटी होत नाहीत, मोहरी फटीत मावते. 'मावणे' हे क्रियापद सुरेख आहे आणि इथेनॉल-पाण्याला काही अंशी लागूही पडते. पण तिथे निव्वळ फटी बुजत नाहीत. रेणूंना एकमेकांशी सैलसर जोडणाऱ्या हायड्रोजन बंधांची मांडणीही बदलते आणि मिश्रण कोमट होते. मोहरी मावताना कधी गरम झालेली नाही.

आता बेंझीन आणि सायक्लोहेक्झेन घ्या. दोन्ही सेंद्रिय, दोन्हीत सहा कार्बनांचे कडे. सारख्या संख्येने रेणू घेऊन २५ अंशांवर मिसळले, तर दर मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या; या मिश्रणाचा एक मोल सुमारे १०० मिली भरतो) आकारमान सुमारे ०.६५ घन सेंटिमीटरने वाढते. म्हणजे १०० मिलीमागे साधारण ०.६५ मिली जास्त. बेंझीनच्या चपट्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, मध्ये सायक्लोहेक्झेन शिरले की ती सैल पडते आणि सगळेच किंचित दूर सरकतात. इथे 'मावणे' हरते. आणि बेंझीनमध्ये टोल्यूइन घातले तर बदल जवळजवळ शून्य, कारण दोघांचा स्वभाव एकच.

इथे एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. ती ओढ तोडायला उष्णता लागते, दर मोलमागे सुमारे ८०० जूल. बाहेरून उष्णता मिळाली नाही तर हिशेबाने मिश्रण सुमारे साडेपाच अंशांनी थंड होते. हे द्रव दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के आक्रसतात. गुणाकार करून पाहा, जवळपास तेवढेच ०.६५ टक्के येतात! म्हणजे मिसळल्या मिसळल्या घाईने वाचन घेतले तर मिसळण्याने झालेली वाढ आणि थंडीने झालेली घट एकमेकींना खाऊन टाकतील, आणि मुलगा वहीत 'बदल नाही' असे प्रामाणिकपणे लिहील. म्हणून शब्दात तापमानाची अट बसत नसली तरी व्याख्येत ती हवीच.

या घट-वाढीला पारिभाषिक शब्द 'अतिरिक्त आकारमान' (excess volume) असा करतात. मला तो बोचतो. अतिरिक्त म्हणजे जास्तीचे, आणि इथेनॉल-पाण्यात ते उणे निघते. 'उणे अतिरिक्त' वाचताना मूल थबकते, आणि त्यात चूक मुलाची नाही. मी तफावत सुचवेन. जमाखर्चात तफावत दोन्ही बाजूंनी येते आणि ती कशाच्या तुलनेत हेही त्या शब्दातच असते: जेवढे यायला हवे होते आणि जेवढे आले, त्यांतली.

जाता जाता, 'सेंद्रिय' एकदा समजावून सांगाच. मंडईत सेंद्रिय म्हणजे रासायनिक खताविना पिकवलेले, मग बेंझीन सेंद्रिय कसे? सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, सजीवांपासून मिळणारे, असा जुना समज त्या शब्दात राहिला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला तेव्हापासून त्याला तडा गेला, शब्द तेवढा टिकला. 'कार्बनी' लिहिलेत तर घोटाळा टळेल.

धागाकर्ती

'तफावत' घेतला. बेंझीन कर्करोगकारक, त्यामुळे मुलांच्या हातात देणार नाही, ते आकडे फक्त वाचायला. टिपणातला मजकूर असा केला आहे: "मिसळण्यातील आकारमान-तफावत: मिश्रणाचे आकारमान वजा घटक द्रवांच्या आकारमानांची बेरीज, सर्व वाचने एकाच तापमानाला. तफावत धन, ऋण किंवा शून्य असू शकते." त्याखाली एक सूचना घातली आहे, मिसळल्यावर नळी आधीच्या तापमानाला येईपर्यंत पाण्याच्या टबात ठेवा.

भोसरीहून

'किती भरले' असा रकाना ठेवा ताई, 'अंतिम आकारमान' नको. मुले बरोबर लिहितील.