बेळगावात महिन्यातनं एकदा संशोधनावर बोलायची बैठक, कशी चालवावी?

टिळकवाडीचा वाचक:
नमस्कार मंडळी. आम्ही चारपाच जण आहोत, दोघं कॉलेजात शिकवतात, एक पीएचडी करतोय, बाकी आवडीनं वाचणारे. महिन्यातनं एकदा इतिहास, समाजशास्त्र, भाषा, लोककला असल्या विषयांवर काम करणाऱ्या कोणाला तरी बोलवायचं आणि चालू असलेलं, अजून छापून न आलेलं काम ऐकायचं असं ठरवायलोय. आपल्या भागावर लिहिलं जातंय की, पण ते धारवाड, कोल्हापूर, पुण्याला वाचलं जातं आणि ज्या गावांवर लिहिलंय तिथं कोणाला पत्ता नसतो. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळं जुने कागद बघायला पण मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन बसावं लागतं, म्हणजे कागद तिकडं, चर्चा तिकडं आणि आपण इकडं. मला विचारायचंय ते असं, की भाषा कुठली ठेवावी आणि सगळं भाषणबाजीवर जाऊ नये म्हणून काय करावं?

धारवाडला शिकलेला:
फार चांगलं करायलाय. निबंध आठवडाभर आधी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, छापील चार प्रती वाचनालयात पण ठेवा. बोलणाऱ्याला अर्धा तास पुरे, मग एकानं आधी वाचून तयारी करून आलेलं असावं आणि त्यानं नेमकं कुठं पटत नाही ते सांगावं, नंतरचा सगळा वेळ प्रश्नांना. आणि पहिले प्रश्न विद्यार्थ्यांचेच घ्या, हे पाळाच, कारण एकदा ज्येष्ठ मंडळी उठली की प्रश्नाचं भाषण होतं आणि पोरं गप्प बसतात. सत्कार, शाल, नारळ काही नको.

निपाणीची लेक:
माझी आई विड्या वळायची म्हणून सांगते, ज्यांच्यावर संशोधन झालंय त्यांना समोर बसवा. निपाणी म्हटलं की सगळे 1981 चं तंबाखू आंदोलन, महामार्ग अडवला, गोळीबार झाला एवढंच बोलतात. ते महत्त्वाचंच आहे, पण तो शेतकऱ्यांचा लढा होता, विडीवाल्या बायकांचं अजून वेगळं. हजार विड्यांमागं मजुरी, पान भिजवून कापायचं, वळायचं, बांधायचं, आणि मोजून देताना छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, त्या विड्या परत पण मिळत नाहीत. आता कोणी नुसते मजुरीचे आकडे मांडले तर छाटात किती गेलं ते धरलंय का, हे आमच्या बायका लगेच विचारतील. तोच प्रश्न निबंध छापायच्या आधी ऐकायला मिळाला तर संशोधन करणाऱ्याचाच फायदा. फक्त ज्यांच्या मुलाखती घेतल्यात त्यांची नावं परवानगीशिवाय बोलू नका, गाव लहान असतं, कोण बोललं ते लगेच कळतं.

खानापूरकर:
माणसं शोधायला शोधगंगावर जावा, बऱ्याच विद्यापीठांचे प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी, अथणी अशी नावं टाकून बघा, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. भाषेचं म्हणाल तर ज्याला जी येते त्यात बोलू दे, समोर एका पानाचा सारांश दुसऱ्या भाषेत ठेवा. आमच्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, ते संस्कृतात आहेत, त्यात जैनांना दिलेल्या दानाच्या नोंदी आहेत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. हे सगळं समजून घ्यायला संस्कृत, जुनं कन्नड जाणणारा माणूस लागतोच, तो मराठी बोलत नाही म्हणून त्याला बोलवायचं नाही असं करू नका ओ.

शहापूर पेठ:
सगळं पटलं. पण सीमाप्रश्न टाळू नका, नाहीतर लोक म्हणणार मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलतात. पहिल्याच बैठकीला नको, चारदोन बैठका होऊन माणसं एकमेकांना ओळखायला लागली की घ्या, आणि घोषणा द्यायला नव्हे, तर 1967 चा महाजन अहवाल प्रत्यक्ष वाचून आलेल्या दोघांना बोलवा, एक मराठी, एक कन्नड. आणि वडगाव, खासबागच्या विणकरांवर कोण काम करत असेल तर मला नक्की कळवा. आमच्या गल्लीत मागाचा आवाज कमी होत चाललाय, काम सोडून माणसं कुठं गेली हे कोणीतरी नीट लिहायला पाहिजे.

टिळकवाडीचा वाचक:
सगळ्यांचे आभार. निपाणीच्या ताई, पहिला विषय विडीचाच धरूया, तुमच्या आईंना आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांना यायला जमेल का? रविवारी दुपारी ठेवलं तर परतायला एसटी मिळते, नाहीतर आम्हीच निपाणीला येतो, तिथं बसायला एखादी खोली बघून ठेवा.