रविवारचं शिबिर आणि एक्सेल शीट

*सेक्रेटरी:* नमस्कार मंडळी. रविवारी हॉलमध्ये मोफत आरोग्य शिबिर. मोबाईलसमोर चेहरा धरला की ॲप बीपी आणि ‘हेल्थ स्कोअर’ सांगतं. कंपनीला आधी यादी हवी: नाव, वय, मोबाईल, आधार, आभा नंबर, चालू गोळ्या. खाली एक्सेल शीट आहे, आजच भरा.

*ए १०२ काका:* उत्तम उपक्रम!

*बी ३०४:* चालू गोळ्या? ग्रुपवरच्या शीटमध्ये? कुणाला झोपेच्या गोळ्या चालू आहेत ते अख्खी सोसायटी वाचंल की ओ.

*डी ४०१:* लपवायचं काय त्यात? शुगर घरटी आहे. हुरड्याला बसलं की सगळे आपणहून सांगतात.

*बी ३०४:* आपणहून सांगतात. सेक्रेटरी वाचून दाखवत नाहीत.

*ए १०२ काका:* पाणी आज येणार का उद्या?

*सेक्रेटरी:* उद्या पहाटे. विषय शिबिराचा चाललाय.

*सी २०३ ताई:* मी दवाखान्यात आभाच्या काउंटरवर बसते, म्हणून सांगते. आभा म्हणजे आपले रिपोर्ट डिजिटल जोडायचा सरकारी आरोग्य नंबर. तो १४ आकडी, काढायचा की नाही ही आपली मर्जी. सप्टेंबर २०२१ पासून ही योजना देशभर आहे. बऱ्याच जणांना वाटतं सगळे रिपोर्ट दिल्लीत जमा होतात. तसं नाही, जिथं तपासणी झाली तिथंच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला बघायचे असले तर आपल्या मोबाईलवर विनंती येते. काय दाखवायचं, कधीपर्यंत, ते आपण ठरवायचं, आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. त्यामुळे नुसता नंबर कळला म्हणून रिपोर्ट जात नाहीत. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका, शिबिरातल्या पोरांनाही नाही. आता या शीटचं बघा. इथं कुणी कुणाला विचारलंय? एकदा फॉरवर्ड झाली की कुठं पोचली ते सेक्रेटरींनाही सांगता येणार नाही.

*डी ४०१:* कायदा आहे ना आता?

*सी २०३ ताई:* आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा, २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने. डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, शीटमध्ये तर बालवाडीतली पोरंही आहेत.

*बी ३०४:* आणि तो दंड सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला काय?

*सी २०३ ताई:* तेच तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, कित्येक दिवस कागदावर काम चाललं. एम्सची ही गत, तर ही कंपनी आपली शीट कुठं ठेवणार?

*ए ५०१ डॉक्टर:* मला ॲपचीच जास्त काळजी वाटते. २०२० पासून निदानासाठीचं सॉफ्टवेअरही कायद्यानं वैद्यकीय उपकरणांत मोडतं, म्हणजे कंपनीला औषध नियंत्रकांकडचं लायसन्स विचारायला हवं. कुणाकुणावर तपासलं तेही विचारा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे कोविडच्या काळात पुढं आलं. सोलापूरच्या उन्हातल्या चेहऱ्यांवर कॅमेरा काय सांगतो ते कुणी बघितलंय का? आणि स्कोअर बघून ॲप गोळी सुचवायला लागलं तर तिथंच थांबवा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या, सरकारी सूचनांत स्पष्ट आहे: एआय डॉक्टरला मदत करू शकतं, पेशंटला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही.

*ए १०२ काका:* म्हणजे स्कोअर चांगला आला म्हणून मी बीपीची गोळी बंद करू नये?

*ए ५०१ डॉक्टर:* काका!!

*सेक्रेटरी:* शीट डिलीट केली. सोसायटीकडून यादी जाणार नाही. कंपनीला सांगतो, ज्याला यायचं तो येईल आणि आपलं आपण सांगेल. लायसन्स आणि तक्रार कुणाकडे करायची, दोन्ही लेखी मागतो.

*सेक्रेटरी:* फोन झाला. यादी नसेल तर शिबिर परवडत नाही म्हणाले.

*बी ३०४:* घ्या. मोफत होतं म्हणे.

*ए ५०१ डॉक्टर:* रविवारी ९ वाजता मी बीपीचं पट्ट्याचं मशीन घेऊन हॉलमध्ये बसतो. आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याच्या त्याच्या हातात. शुगर करायची असेल तर उपाशीपोटी या, स्ट्रिप आपापल्या आणा.

*डी ४०१:* माझ्याकडं अख्खी डबी आहे, मी आणतो.