मदत हवी आहे: डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या) शस्त्रक्रिया केंद्रात सुरक्षा तपासणी मनापासून कशी रुजवावी?

आमच्या डे-केअर केंद्रात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया एकापाठोपाठ एक होतात. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेतील सुरक्षेसाठीची १९ मुद्द्यांची तपासणी-सूची भिंतीवर आहे. तथापि छेद घेण्यापूर्वी सर्वांनी थांबून रुग्णाचे नाव, कोणता डोळा आणि कोणत्या पॉवरची लेन्स हे मोठ्याने पडताळण्याऐवजी, दिवसाअखेरीस सर्व फॉर्मवर एकदमच खुणा केल्या जातात. थेंबांनी भूल दिलेला रुग्ण जागा असूनही त्याला कोणी विचारत नाही, हे मला विशेष खटकते. परिचारिकेला शंका आली तरी सर्जनना थांबवण्याचे धैर्य होत नाही, आणि थोडक्यात टळलेल्या चुकीची नोंद म्हणजे कुणाविरुद्ध तरी तक्रार, असेच मानले जाते. लहान केंद्रात निनावी नोंदींची पद्धत कोणी रुजवली आहे काय? त्या नोंदी कोणी वाचाव्यात?