सेकंड-हँड पॉवर मशीन घरी आणलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

दोरागुंडी, गोरेगाव

घरच्या शिलाई मशीनवर जीन्सच्या चार थरांची शिवण मारायला गेलं की सुई वाकते, मोटर तापते आणि मग आपण पॉवर मशीनच्या, म्हणजे कारखान्यातल्या मोटरवाल्या शिलाई मशीनच्या, जाहिराती बघायला लागतो. मुंबईत ती मिळणं अवघड नाही. साकीनाका, धारावी, कुर्ला, मालाड, कुठल्याही गल्लीत शिरा, माळ्यावर एखादा शिलाई कारखाना सापडतोच. कुणी टेबलाखाली क्लच मोटर असलेली मशिनं काढून डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर मशीनच्या डोक्यातच बसवलेलं) घेतं, कुणी जागाच सोडतं आणि जुनी मशिनं टेबल-स्टँडसकट विकायला निघतात. हौशी माणसाला ती परवडतात. पण घेताना काय बघायचं हे सांगणारं कुणी भेटत नाही. विकणारा ‘चालू कंडिशन’ एवढंच म्हणतो.

म्हणून हा धागा. कुठलं मशीन घेतलंत, काय तपासलंत, काय बदललंत, दुरुस्ती कोण करतं, सगळं सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. माझ्याकडे जुकीचं डीडीएल-८७०० आहे, एका सुईचं, सरळ टाक्याचं. मशीन बघायला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला: यावर काय शिवत होतात? मशीन किती वर्षांचं आहे यापेक्षा या उत्तराला जास्त किंमत आहे. शर्टाच्या कापडासाठी लावलेल्या मशीनचे कापड पुढे ढकलणारे दाते बारीक असतात, नीडल प्लेटचं (सुईखालच्या पत्र्याचं) भोक लहान असतं. त्यात जाड कॅनव्हास घातला की टाके सुटणार, दोरा तुटणार. त्याच मॉडेलचा ‘एच’ अक्षराचा प्रकार जाड कापडासाठी येतो. माझं मशीन शर्टाच्या कारखान्यातलं आहे आणि मी सुती कुर्ते नि गोधड्यांचे तुकडे जोडते, म्हणून आमचं जमलं. बॅगा शिवायच्या असत्या तर तेच मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेतलं नसतं.

बघायला जाताना आपलं कापड, आपला दोरा आणि डीबी×१ सुयांचं नवं पाकीट न्यायचं. घरच्या मशीनची एका बाजूने चपट्या मानेची सुई याला चालत नाही, याची मान गोल असते. आधी मोटर बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा. एकाच जागी अडलं तर शटलमध्ये (सुईखालच्या, दोरा पकडणाऱ्या फिरत्या भागात) दोरा गुंतलाय किंवा काहीतरी वाकलंय. मग मोटर लावून वरच्या तेलाच्या काचेत बघा, आत तेल उडताना दिसलं पाहिजे. उडत नसेल तर तेल कमी आहे किंवा पंप चढवत नाहीये. शेवटी आपल्या कापडाचे दोन थर, चार थर, आणि जाड शिवणीवरून आडवं, असं शिवून बघायचं. हळू चालवून आणि जोरात, दोन्ही.

कांदिवलीचा बॅगवाला

माझा अनुभव मोटरचा. मशीन चांगलं मिळालं, पण खाली अर्ध्या हॉर्सपॉवरची क्लच मोटर होती. बटण दाबलं की शिवत असा-नसा, ती फिरतच राहते. कारखान्यात वीस मशिनांच्या आवाजात ते कळत नाही, दहा बाय बाराच्या खोलीत डोकं उठतं. शिवाय पायडल जरा जास्त दाबलं की मशीन सुसाट. या मशिनांची क्षमता मिनिटाला ५,००० टाक्यांच्या घरात असते. झिपला कड लावताना मला तीनशेसुद्धा पुष्कळ होतात.

म्हणून सर्वो मोटर (पायडल दाबलं तरच फिरणारी) घेतली. टेबलाखालचे तीन बोल्ट बहुतेक वेळा त्याच भोकांत बसतात, पट्टा मात्र कधी कधी वेगळ्या लांबीचा लागतो. जास्तीत जास्त वेग किती हे डायलवर ठरवता येतं आणि पायडल सोडलं की मोटर गप्प. आमच्याकडे लहान मूल आहे, ते झोपल्यावरही आता शिवता येतं.

पण एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. काही सर्वो मोटरींना अगदी कमी वेगात जोर राहत नाही. कॅनव्हासच्या सहा थरांवर सुई आली की मोटर कण्हते आणि थांबते. त्यावर उपाय पुलीचा, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा. मोटरवरची पुली ७० मिलिमीटरऐवजी ३५ ची बसवली की टाक्यांचा वेग निम्मा होतो आणि सुईमागचा जोर दुप्पट. मोटर बदलण्याआधी पुली बदलून बघा, खर्च किरकोळ आहे.

आणि मोटरवरची पत्र्याची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कारखान्यातल्या काही मोटरी थ्री फेजच्या असतात. घरात सिंगल फेज २३० व्होल्ट. म्हणजे मशीनच्या किमतीत नव्या मोटरीचे पैसे आधीच धरायचे आणि त्यावरून भाव करायचा.

गिरगावकर

आमच्याकडे आजोबांचं सिंगर ३१के आहे. आजोबा टेलर होते. ‘के’ म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला, मशीन चालूच आहे. यात तेलाचा पंप वगैरे काही नाही, प्रत्येक भोकात हाताने थेंब सोडायचा. पायाने चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही.

मशीन बरीच वर्षं झाकून होतं. उघडलं तेव्हा चाक जागचं हलेना. घरातल्या कुणीतरी कधीकाळी खोबरेल घातलं होतं, ते आत सुकून लाखेसारखं घट्ट बसलेलं. मोठ्या काकांनी रॉकेल मिळवलं. खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद करून, ब्रशने प्रत्येक सांध्यात लावायचं, चाक अर्धा इंच मागेपुढे हलवायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. काकांनी जोर म्हणून लावू दिला नाही. हळूहळू चाक पूर्ण फिरायला लागलं. मग सगळं रॉकेल पुसून शिलाई मशीनचं पांढरं तेल भरलं. पहिले काही दिवस भोकांतून काळं पाणीच येत होतं, जुन्या चिंध्यांवर शिवून ते काढलं. पहिला स्वच्छ टाका पडला तेव्हा आजी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत उभी राहिली.

कृपा करून कुठल्याच मशीनमध्ये खोबरेल घालू नका. आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. त्याने सांधा मोकळा होतो, पण वरून तेल द्यावंच लागतं.

मीठागर

वेगळं मत मांडतो. जुनं जुकी, वर सर्वो, वर टेबलाची दुरुस्ती, फिटरचे पैसे. बेरीज केली तर नवीन चिनी डायरेक्ट ड्राइव्ह मशीनच्या जवळ जाते. मी जॅक कंपनीचं नवीन मशीन घेतलं, वॉरंटी मिळाली, मोटर मशीनच्या डोक्यातच बसवलेली, आवाज नाही. ज्याला फक्त शिवायचंय, मशीन खोलायची आवड नाही, त्याने नवीनच घ्यावं.

दोरागुंडी

मीठागर, हे मान्य. पण मग *जुनं* डायरेक्ट ड्राइव्ह मात्र जपून घ्या. त्यात कंट्रोल बोर्ड असतो. तो दमट हवेत किंवा व्होल्टेजच्या झटक्याने गेला तर दुरुस्तीचा खर्च सेकंड-हँड मशीनला परवडत नाही. क्लच मोटरवाल्या जुन्या मशीनमध्ये बिघडेल ते डोळ्यांना दिसतं, पान्याने सुटतं.

रेखामावशी, अंधेरी

मी हौशी नाही, एक्सपोर्टच्या कारखान्यात ऑपरेटर होते. आता घरी नातींचे फ्रॉक शिवते. मुलाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते आहे, टाइप तोच करतोय.

मशीनची तक्रार कापडावर वाचता येते, पण ती वाचायची सवय लागते. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की सगळे बॉबीन केसचा (खालच्या दोऱ्याचं रीळ ठेवायच्या डबीचा) स्क्रू पिळायला धावतात. खाली जाळी म्हणजे वरचा दोरा सैल. बहुतेक वेळा तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसतो. फूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून पुन्हा ओवा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. बॉबीनचं टेन्शन बघायचं तर केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. आपोआप खाली घसरली तर सैल. हाताला हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर. हललीच नाही तर घट्ट.

टाका सुटतो तेव्हा आधी सुई बदला. मग ती पूर्ण वरपर्यंत गेलीय का बघा, आणि लांब खाच डावीकडे आहे का ते. जुकीला दोरा डावीकडून उजवीकडे ओवतात. सुई जराशी तिरकी राहिली तरी शटलचं टोक दोऱ्याला पकडत नाही.

हे सगळं करून टाका सुटतच असेल तर टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ. आमच्या फिटरने मला ते शिकवलं होतं. प्लेट आणि दाते काढायचे, सुई अगदी खाली न्यायची, मग चाक जरासं फिरवून ती वर यायला लागली की शटलचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर, भोकाच्या किंचित वर आलं पाहिजे. टोक आणि सुई यांत एक दशांश मिलिमीटरच्या आतलंच अंतर. उजेडात डोळा खाली आणून बघितलं की बारीक चीर दिसते. टोक सुईला घासलं तर टोक बोथट होतं, मग दोरा सारखा तुटतो. जुनं मशीन घेताना त्या टोकावरून नख फिरवा. खरखर लागली तर शटल बदलायला आलंय असं समजा. हे घरी पहिल्यांदा करताना फिटरला समोर बसवा, आणि मोटरचा प्लग काढूनच हात घाला. पायडलवर चुकून पाय पडला की सुई बोटातून आरपार जाते, मी कारखान्यात पाहिलंय.

कांदिवलीचा बॅगवाला

मावशी, बॉबीन केसची युक्ती आत्ताच करून बघितली. माझी हलतच नव्हती. मनापासून आभार.

वसईची

ओव्हरलॉक (कापडाची कड कापून दोऱ्याने गुंफणारं मशीन) घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की मशीनमधले दोरे काढू नका. पाच दोऱ्यांचं ओव्हरलॉक रिकामं मिळालं तर लूपर (खालून दोरा गुंफणारे आकडे) ओवायला अर्धा दिवस जातो आणि ओवण्याचा क्रम चुकला तर टाकाच बनत नाही. दोरे आत असतील तर नवा दोरा जुन्याला गाठ मारून ओढून घ्यायचा. लूपरच्या भोकांतून गाठ निघून येते. सुईच्या भोकातून येत नाही, तिथे गाठ सुईजवळ आली की कापून हाताने ओवायचं.

दुसरं, पाती तपासा. टी-शर्टाचं कापड घालून बघा. कड कुरतडल्यासारखी निघाली तर पाती बोथट आहेत. ती बदलता येतात, घाबरू नका, फक्त भाव त्या हिशोबाने करा. आणि ज्यांना ताणलं जाणारं कापड शिवायचंय त्यांनी डिफरन्शियल फीडचा (पुढचे-मागचे दाते वेगवेगळ्या वेगाने चालवायचा) खटका खरंच हलतो का बघा. माझा तंतूंच्या कचऱ्याने जाम होता. तो कचरा दर वेळी ब्रशने काढायचा. फुंकर मारली की तो आणखी आत जातो.

चामडंकाम

धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडला चामड्याच्या वस्तूंची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या गल्ल्यांतल्या कारागिरांकडे बसून मी पाकिटं शिवायला शिकलो. चामडं किंवा जाड कॅनव्हास नेमाने शिवणार असाल तर सरळ टाक्याच्या मशीनला जोर लावत बसू नका. वॉकिंग फूट घ्या. त्यात दाते, सुई आणि आतला फूट तिघं मिळून माल पुढे नेतात, म्हणून वरचा थर खालच्यापेक्षा मागे राहत नाही. जुकीचं डीएनयू-१५४१ त्यातलं माहितीचं मॉडेल, सुई डीपी×१७. सेकंड-हँडसुद्धा महाग पडतं, आणि ते योग्यच आहे. मी तिकीट ४० चा दोरा (तिकीट म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा नंबर, जितका लहान तितका दोरा जाड) आणि १८ नंबरची सुई वापरतो, तिकीट २० ला २२ नंबर. जाड दोरा बारीक सुईत कोंबला तर कुठलंही मशीन टाका सोडणार.

माहीमची खाडी

पावसाळ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! आमची खोली समुद्राजवळ. जूनमध्ये चार दिवस मशीन उघडलं नाही तर नीडल प्लेटवर तांबूस ठिपके येतात. मी मे संपतानाच मशीनखालचं तेलाचं ताट रिकामं करून पुसते आणि नवं तेल भरते. जुनं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. रोजचं काम झालं की फूटखाली तेलाचा हात फिरवलेला सुती तुकडा ठेवून फूट खाली सोडायचा आणि वर कापडाचं झाकण घालायचं. प्लास्टिकच्या झाकणाखाली घाम धरतो. दुसऱ्या दिवशी आधी त्या तुकड्यावरच दोन ओळी शिवायच्या, म्हणजे तेलाचा डाग कुर्त्यावर पडत नाही. आणि ज्या दिवशी शिवायचं नसेल त्या दिवशीही मिनिटभर मशीन फिरवून ठेवायचं.

नवी मुलगी, चेंबूर

सगळं वाचून काढलं. या रविवारी मालाडला एक मशीन बघायला जाणार आहे. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट लहान आहे. हे वर कसं आणायचं?

दोरागुंडी

डोकं, टेबल आणि स्टँड वेगळं करायचं. आधी तेल काढून बाटलीत भरा, नाहीतर टेम्पोत आणि जिन्यात सगळीकडे सांडेल. पट्टा काढा, दोरा उलगडायची काठी काढा, मग डोकं मागे कलवून बिजागऱ्यांवरून उचला. ते तीस किलोच्या आसपास भरतं, दोघांनी धरा, चाकाला किंवा सुईच्या दांड्याला धरून उचलू नका. टेबल चार फुटांचं असतं, उभं केलं की लहान लिफ्टमध्येही तिरकं जातं. गुडघ्याने फूट उचलायची दांडी आणि बॉबीन भरायचं यंत्र सोबत दिलंय का ते तिथेच मोजून घ्या, नंतर कुणी देत नाही. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबर घाला, खालच्या मजल्यावर हादरे कमी जातात. आणि मॉडेलचा नंबर बघितलास की इथे टाक, रविवारच्या आत रेखामावशींना विचारून घेऊ.