विषय: लायब्ररीतल्या ग्रॅड मुलांना तासाला किती द्यायचे?

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या हॉल बुकिंगच्या मेलमध्ये हे घुसवत नाही, वेगळीच मेल करतेय. मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहे हे बऱ्याच जणांना माहितीय, स्टुडंट वर्कर्सचं शेड्यूल आणि टाइमशीट माझ्याकडेच असतं. यंदा ग्रॅड (मास्टर्स, पीएचडीच्या) स्टुडंट्सचा तासाचा रेट ठरवायला कमिटी बसलीय त्यात मला घेतलंय आणि गुरुवारी मीटिंग आहे.

आपल्या इलिनॉयमध्ये २०१९ संपेपर्यंत मिनिमम वेज ८.२५ डॉलर होतं, तेव्हा आमच्याकडे ग्रॅड मुलांना १३ मिळायचे. मग २०२० पासून राज्याने ते दरवर्षी वाढवत १ जानेवारी २०२५ ला १५ वर नेलं. अंडरग्रॅड मुलांचा रेट त्याबरोबर आपोआप चढला, ग्रॅडचा मात्र कायदा अगदी अंगावर आला की डॉलरभर सरकवायचा असंच चाललं आणि आज तो १६ आहे. म्हणजे पावणेपाच डॉलरचं अंतर होतं ते एका डॉलरवर आलंय, आणि काम तर उलट वाढलंय.

मागच्या मीटिंगमध्ये मी हे बोलले तर उत्तर आलं की एकेका जागेला ढिगाने अर्ज येतात, मग रेट वाढवायचा कशाला? हे मला फार लागलं. अहो, अर्ज येणारच ना! एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलेल्या मुलाला सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तेही कॅम्पसवरच, बाहेर वेगळी परवानगी काढल्याशिवाय नाही. सरकारी वर्क-स्टडीचे, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांच्या पगाराला सरकार देतं ते पैसेही त्यांना मिळत नाहीत. इथल्या मुलाला १६ पटले नाहीत तर तो समोरच्या कॉफीच्या दुकानात जाईल, आपली मुलं कुठं जाणार? दुसरं दारच नाही म्हणून आमच्या दारात रांग लागते, आणि ती रांग दाखवून रेट बरोबर आहे म्हणायचं हे मला पटत नाही. रेट कामावरून ठरवा एवढंच माझं म्हणणं आहे.

ज्यांनी लायब्ररीत काम केलंय किंवा आत्ता करताय त्यांनी अनुभव कळवा, बुधवार रात्रीपर्यंत.

– सु.

---

अगं सु.,

तुझी तळमळ कळते. मी १९८८ साली आलो तेव्हा फेडरल मिनिमम ३.३५ होतं आणि मी तेवढ्यावरच स्टॅक्समध्ये पुस्तकं लावायचो, पण आम्ही भागवलं म्हणून आताच्या पोरांनीही भागवावं असं मी म्हणणार नाही, तेव्हाचं भाडं आणि आताचं भाडं यात काही मेळ नाही.

माझी काळजी वेगळी आहे. तुझ्या खात्याचं बजेट ठरलेलं असणार. समज सहा मुलं, प्रत्येकी २० तास, दोन सेमिस्टरचे मिळून ३२ आठवडे, म्हणजे ३८४० तास झाले. १६ ने ६१,४४० डॉलर. तू १९ मागितलेस तर ७२,९६०. वरचे साडेअकरा हजार कोणी दिले नाहीत तर काय करतील, तास कापतील, नाहीतर एका मुलाला घरी बसवतील. त्या मुलाला १६ सुद्धा मिळणार नाहीत आणि तू म्हणतेस तसं त्याला दुसरं दारही नाही. तेव्हा रेट मागताना तासांची हमी आधी लिहून घे, मग पुढचं बोल.

– द. काका

---

ताई, काका, नमस्कार,

मी लायब्ररी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेलवर पहिल्यांदाच लिहितेय. मीही दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत असंच अवरली काम करते म्हणून राहवलं नाही.

आठवड्यातले आठ तास मी डेस्कवर असते, पुस्तक देणं-घेणं, प्रिंटर अडकला तर काढून देणं, ते काम कोणीही चार दिवसात शिकेल. उरलेले बारा तास मराठी पुस्तकं. तुम्हाला माहिती असेल, १९६० च्या दशकापासून पीएल-४८० मधून, म्हणजे अमेरिकेच्या धान्याचे भारताने दिलेले रुपये वापरून, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसमार्फत इकडच्या लायब्रऱ्यांना भारतातली पुस्तकं खोक्यांनी यायची, त्यातली काही अजून नीट कॅटलॉग झालेली नाहीत. कागद असा झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. प्रत्येक नाव ठरलेल्या पद्धतीने रोमन लिपीत लिहायचं, ळ ला एल आणि खाली टिंब, ण ला एन खाली टिंब, चमच्यातला च आणि चहातला च दोन्हीला नुसता सी, आणि मग तेच नाव देवनागरीत वेगळ्या रकान्यात. गेल्या महिन्यात एक पुस्तक सापडलं, मुखपृष्ठावरच्या ब च्या पोटातली रेघ पुसट झालेली, तर कोणीतरी पूर्वी ‘बाळ’ चं ‘वाळ’ करून टाकलेलं. म्हणजे ते पुस्तक शेल्फवर होतं पण शोधणाऱ्याला कधीच दिसलं नसतं. मी ते आतल्या पानावरून आणि प्रस्तावनेवरून ताडून दुरुस्त केलं, सगळी मिळून चाळीस मिनिटं गेली. हे काम करायला तिथे दुसरं कोणी नाही, माझ्या सुपरवायझरला मराठी येत नाही. आणि या चाळीस मिनिटांचा रेट प्रिंटरच्या चाळीस मिनिटांइतकाच.

माझी मैत्रीण शेजारच्याच टेबलावर जवळपास हेच काम असिस्टंटशिपवर करते, तिची फी माफ आहे. माझी नाही. तिच्यावर माझा राग नाही, पण महिन्याच्या शेवटी भाड्याचा चेक लिहिताना ते आठवतं.

– मु.

---

मंडळी, घाईत लिहितोय. मुलांनो, पे-स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, नीट बघा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणाच्या पेन्शन-औषधपाण्याचे टॅक्स) कापायचं नसतं, मिळून ७.६५ टक्के होतात. कापलं असेल तर पेरोलला सांगून आधी परत मागा, १६ वर हे सव्वा डॉलरच्या जवळ जातं. आणि भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही, विसरू नका. सु., मालकालाही त्या मुलांवर तेवढाच ७.६५ भरावा लागत नाही, हे कमिटीत सांग, रेट वाढवला तर त्याच्यावर वरचा बोजा चढत नाही.

– प्र. दादा

---

सगळ्यांना,

काका, तुमचं गणित मी कागदावर काढून समोर ठेवलं आणि खरं सांगते, आधी मी सरसकट १९ मागणार होते, आता नाही मागणार. मु. ने जे दोन कामातलं अंतर लिहिलंय त्यावरून सुचलं. सहापैकी दोन मुलं कॅटलॉगिंग आणि जुन्या कागदांच्या स्कॅनिंगवर आहेत, त्यांना १९ आणि डेस्कवरच्या चौघांना १६.७५. दोघांचे १२८० तास गुणिले ३ म्हणजे ३,८४०, आणि चौघांचे २५६० तास गुणिले पाऊण म्हणजे १,९२०, एकूण ५,७६०. तुमच्या आकड्याच्या बरोबर निम्मे. त्याखाली वेगळ्या ओळीत, या वर्षी कोणाचेही तास २० वरून खाली आणायचे नाहीत, हे लिहून सही घेणार. आणि इलिनॉयने मिनिमम हलवलं की हे दोन्ही रेट तेवढ्याच अंतराने हलावेत हेही, नाहीतर पाच वर्षांनी परत मी हेच लिहीत बसेन.

मु., अगं, तुझी ‘बाळ’-‘वाळ’ ची गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली तर चालेल ना? तुझं नाव, कॉलेजचं नाव काही घेणार नाही. ब आणि व कागदावर मोठ्ठे काढून नेते, त्यांना त्यातली रेघ दिसू दे. आणि या शनिवारी जेवायला ये, बस स्टॉपवर घ्यायला येईन.

दादा, पे-स्टबचं मी उद्याच डेस्कवरच्या मुलांना सांगते, दोघांचं कापलं जातंय असा मला संशय आहे.

– सु.