‘धामण’ : जातीचे नाव की मादीचे?

प्रश्न : मंगळवेढ्याकडे कडब्याच्या गंजीत लांब साप निघाला की ‘नाग नव्हे, त्याची धामीण आहे’ असे पुष्कळदा ऐकू येते. ‘धामीण’ हे ‘नागीण’प्रमाणे मादीवाचक रूप मानावे काय? नर धामणीबद्दल लिहिताना क्रियापद कोणते योजावे?

उत्तर : धामण ही स्वतंत्र बिनविषारी जात असून 1758 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने तिचे वर्णन केले. नाग आणि धामण यांची कुळेसुद्धा वेगळी आहेत, त्यामुळे त्यांचा जोडा संभवत नाही. घोटाळा वाढवला आहे तो ‘धामीण’ या बोलीरूपाने. वाघ-वाघीण, नाग-नागीण या जोड्यांची सवय असलेल्या कानाला शेवटचा ‘ईण’ स्त्रीप्रत्ययच वाटतो. पण ज्याला तो लागावा असा ‘धाम’ नावाचा नर कोठेच नाही. संस्कृत कोशांत ‘धर्मण’ हा शब्द एका सापासाठी आणि एका झाडासाठीही दिलेला आहे, आणि मराठीतही धामण नावाचे झाड आहेच. (जुन्या लेखनात ‘धामणीची काठी’ आली, तर ती त्या झाडाच्या लवचीक लाकडाची समजावी.)

क्रियापद स्त्रीलिंगीच हवे. घार नर असली तरी ‘उडाली’ म्हणतो, तसेच ‘नर धामण बिळात शिरली’. सामान्यरूप ‘धामणीला’, ‘धामीण’ लिहिणाऱ्याने ‘धामिणीला’ लिहावे.

पुरवणी : सोलापुरात हा प्रश्न मराठीपुरता ठेवून चालणार नाही. अक्कलकोटकडचे कन्नड भाषक या सापाला ‘केरे’ म्हणतात, तर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांत तो ‘जेर्रिपोतु’ असतो. आणि तेलुगूत ‘पोतु’ म्हणजे नर, जसे रेड्याला ‘दुन्नपोतु’, बोकडाला ‘मेकपोतु’. तमिळ मुलखात तर धामण हाच नर आणि नाग त्याची मादी, अशी आपल्या नेमकी उलट समजूत आहे. यावरून मला असे वाटते की, जोडप्याची कल्पना मराठी व्याकरणातून निघालेली नाही, मात्र त्या जोडप्यात मादी कोण हे आपल्याकडे शब्दाच्या लिंगाने ठरवून टाकले.

मूळ कल्पनेला डोळ्यांचा पुरावाही मिळत असावा. दोन्ही साप उंदरांच्या मागे त्याच शेतांत फिरतात. शिवाय दोन नर धामणी झुंजताना एकमेकींना पीळ घालून अर्ध्या उभ्या राहतात आणि पाहणाऱ्याला तो प्रणय वाटतो. चिडलेली धामण मान फुगवून गुरगुरते, त्यामुळे भीती आणखी वाढते. पण तिला फणा नसतो, डोळे मोठे असतात आणि ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेषा दिसतात.

बातमीत किंवा नोंदवहीत लिंग सांगणे आवश्यकच असेल, तर ‘धामण (नर)’ किंवा ‘धामण (मादी)’ असे लिहावे. ‘नर-मादीची जोडी : नाग व धामण’ हा मथळा मात्र छापू नये.